कुणी हात लावलेला नाही

३ तारीख, सोमवार

हेडबाईंनी आज माझ्या बुटात लघवी केली. बूट पायात घालेपर्यंत कळलं नाही. मी ओरडलो तेव्हा बायको आतून म्हणाली, "नवे होते का?" जुने होते म्हटल्यावर तिच्यापुरता विषय संपला.

हेडबाई म्हणजे आमची मांजर, वय सोळा. माझ्या वर्कशॉपमध्ये एकच टेबल आणि एकच पाना-सेट होता, तेव्हा ही पंपाच्या सीलच्या खोक्यात बसून आली. मूठभर होती. पुढे टेबलं वाढली, माणसं वाढली, वर राहायला दोन खोल्या चढवल्या, आणि ही रोज सकाळी प्रत्येक टेबलाखालून एक चक्कर मारू लागली. कुणाच्या कामाकडे बघून थांबली की तो माणूस दचकून नीट बसायचा. म्हणून मिस्त्रीने नाव ठेवलं हेडबाई. बाकी वेळ काउंटरवर. गिऱ्हाईक आधी तिला विचारतात, "काय बाई, मालक आहेत का?"

गेला महिनाभर पाणी फार पितेय. वाटी भरून ठेवली की तळ दिसतो. आणि आत जातंय तेवढं बाहेर येतंय, तेही तिची वाळूची पेटी सोडून कुठेही. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. तोंडाला वास येतो. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरमधून अमोनिया गळायला लागतो तेव्हा नाकात चढतो ना, तसा.

बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या एकदा."

"अगं, म्हातारपण आहे ते. म्हातारपणाला डॉक्टर काय करणार? मी बघतो."

मी बघतो म्हटलं की आमच्या घरात पुढे चर्चा होत नाही. उगाच नाही. या घरातली एकही वस्तू आजवर दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्तीला गेलेली नाही. मिक्सर, घड्याळ, शिलाई मशीन, जावयाची स्कूटर. एकदा तर माझी स्वतःची दाढ.

५ तारीख, बुधवार

आज मजा आली, लिहून ठेवलीच पाहिजे.

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, गिऱ्हाईक पंप काउंटरवर ठेवतानाच म्हणतं, "कुणी हात लावलेला नाही हां." न विचारता म्हणालं की समजायचं, चांगले दोन-चार हात लागलेत. मी काही बोलत नाही. स्क्रू बघतो. त्याची खाच खरवडलेली असते, कुणीतरी नाण्याने फिरवलेला असतो. मग मोटर चालू करतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. ऐकतो. आणि मग म्हणतो, "साहेब, तुमच्या मेव्हण्याने उघडला होता का? डावरा आहे का तो?" माणूस पांढरा पडतो. मिस्त्री आणि बाकीची पोरं काम सोडून बघायला येतात. हा माझा खेळ आहे. जीभ खोटं बोलते, स्क्रू बोलत नाही.

तर आज एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. पिशवीतून पंप काढला आणि म्हणाल्या, "मीच उघडला होता. परत बसवताना हा एक स्क्रू उरला. कुठला ते कळेना. कट्टकन आवाज आला तेव्हा भ्यायले आणि बंद केला." आणि रुमालाच्या गाठीतून तो स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मी हसत सुटलो. मिस्त्रीला हाक मारली. "बघ रे, या धंद्यात आल्यापासून पहिलं खरं बोलणारं गिऱ्हाईक. हार आण." बाई लाजल्या. मी म्हणालो, "बाई, चेष्टा नाही करत. तुम्ही खरं सांगितलंत तर माझं निम्मं काम झालं. लोक लपवतात, मग आम्ही भलतीकडेच शोधत बसतो, आणि तोवर चांगली मोटर जळते."

त्या जनावरांच्या डॉक्टर निघाल्या. चौकापलीकडे नवीन दवाखाना आहे, तिथल्या टाकीचा पंप. एवढं बोलणं होईतो त्यांची नजर काउंटरवर. हेडबाई पेंगत होती. त्यांनी बोटाने तिच्या मानेची कातडी हलकेच उचलली, सोडली.

"वय किती हिचं? पाणी जास्त पिते का?"

"ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"एकदा दाखवून जा."

"बघू," म्हणालो. जरा तोडूनच बोललो. पंप माझ्याकडे आणलाय तर पंपाचं बोलावं. बाई चांगल्या आहेत, पण मी काय त्यांच्या टाकीत डोकावून बघितलं का?

८ तारीख, शनिवार

उपचार सुरू. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, जवाचं पाणी उकळून द्या, लघवी साफ होते. दिलं. हेडबाईने हुंगलं, माझ्याकडे असं बघितलं की मीच ते पिऊन टाकलं. मिस्त्री म्हणाला एरंडेल. त्याच्या घरात सर्दीपासून परीक्षेपर्यंत सगळ्यावर एरंडेल. ते बाद केलं. केस कोरडे पडलेत म्हणून खोबरेल चोळलं. ते तिने चाटून निम्मं संपवलं, उरलेलं हिच्या साडीला, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरून घसरलो तो मी. भोपळा उकडून कुस्करून दिला. भोपळा मात्र खाल्ला. ही म्हणाली, "भूक लागली होती तिला, म्हणून खाल्ला."

पण खरी युक्ती आज सुचली. दाढी करताना. टाकी वरून वाहत असेल तर आपण काय करतो? टाकीला औषध देत बसतो का? आवकीचा व्हॉल्व्ह निम्मा फिरवतो. आवक कमी, गळती कमी. इतके दिवस हे डोक्यात कसं आलं नाही!

आजपासून सकाळी अर्धी वाटी, संध्याकाळी अर्धी. मधे वाटी उचलून ठेवायची.

ही म्हणाली, "तहान लागेल ना तिला."

"सवय होईल. दोन दिवसांत शरीर जुळवून घेतं."

ही शेंगा निवडत राहिली.

१० तारीख, सोमवार

लागू पडलं! काल फक्त एकदा ओलं, तेही कमी. आज अजून कोरडं आहे. दुकानात दोघा-तिघांना सांगितलं. एक म्हणाला, "मालक, तुम्ही जनावरांचाच दवाखाना काढा." म्हटलं, पंप बिघडत राहतील तोवर इथेच बरा.

हेडबाई दिवसभर झोपते. शांत झाली.

एक नवीन उपद्व्याप. मागच्या बोळकंडीत, कपड्याच्या मशीनच्या मागे, नळ गळतोय. दुपारी जेवून वर पडलो होतो तेव्हा ऐकलं. अगदी बारीक, चप चप चप, मग थांबतो, मग परत. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. उठून गेलो तर बंद. हेडबाई तिथेच पाय चाटत बसलेली. तिला म्हटलं, तू तरी सांगायचंस. नळ उघडला, वॉशर बदलला.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "गळत नव्हता तो."

"गळायच्या बेतात होता."

१२ तारीख, बुधवार

नळ परत! नवा वॉशर आहे, तरी दुपारी तोच आवाज. आता पूर्ण नळच बदलला. संध्याकाळी पुन्हा, चप चप. मशीनला कान लावला, भिंतीला लावला. नळ नाही तर आतला पाइप असणार. कान मला कधी फसवत नाहीत. म्हटलं, रविवारी टाइल्स काढून बघतो.

ही एकदम म्हणाली, "भिंत फोडणार की काय?" एवढी का घाबरली कळेना. टाइल्सचा रंग आता मिळत नाही, त्याची काळजी असणार. "नका फोडू. थांबेल तो आवाज," म्हणाली. आवाज काय सांगून थांबतो का?

हेडबाईच्या तोंडाचा वास फार वाढलाय. दात किडलाय, दुसरं काही नाही. माझी दाढ दुखायची तेव्हा लवंगेचं तेल लावायचो, पाच मिनिटांत आराम. काडीला कापूस गुंडाळून तेलात बुडवला, हिरड्यांवरून फिरवला. एकदा सकाळी, एकदा आत्ता. हाताला तीन ओरखडे. तोंडातून फेस काढला, मान झटकत जाऊन मशीनखाली बसली. झोंबणारच. झोंबतं म्हणजे काम करतंय.

१३ तारीख, गुरुवार

आज नळ गप्प आहे. बघितलंत? नवा नळ बसवला म्हणूनच.

हेडबाईने खाल्लं नाही. सकाळी तेल लावायला गेलो तर मशीनखालून येईना. ओढून काढली नाही. वाटीतलं पाणी प्यायली, मग रिकाम्या वाटीपाशीच बसून राहिली. तोंडाला लाळ. एरवी मी वाटी उचलतो तेव्हा ती पुढे होऊन हुंगते. आज हुंगलंही नाही.

चक्कर मारायला खाली आली नाही. मिस्त्रीने दोनदा विचारलं, "आज हेडबाई रजेवर?"

१४ तारीख, शुक्रवार

काल दुपारनंतरचं काल लिहिता आलं नाही.

काल चार वाजता मी वर आलो तर हेडबाई बोळकंडीत आडवी. उठायला गेली, मागचे पाय लटपटले, बसली. मी जमिनीवर पालथा पडलो आणि तिच्या बरगड्यांना कान लावला. आयुष्यभर मी आवाज ऐकत आलो. बेअरिंग सुकलं तर कसं कुरकुरतं, पंखा घासतो तेव्हा कसं वाजतं, हवा अडकली की कसं गुरगुरतं. काल मला काही कळलं नाही. आवाज होता, पण माझ्या ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरून टॉवेल आला. हिने तिला गुंडाळली, चपला घातल्या. "तुम्ही येताय की मी जाऊ?"

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई. मला बघून हसल्या. "पंप झाला का?" मग टॉवेल उघडला आणि हसू गेलं. कातडी उचलली. या वेळी कातडी उचललेली तशीच राहिली, तंबूसारखी.

"घरी काही दिलं होतं? तेल, गोळी, एखादा घरगुती उपाय?"

आणि मी म्हणालो, "नाही. कुणी हात लावलेला नाही."

माझ्या तोंडून ते वाक्य जसंच्या तसं आलं. त्याच सुरात. मला ते ऐकू आलं, आणि मी थांबलो नाही.

"पाणी किती पिते?"

"भरपूर. वाटी भरलेलीच असते."

"नक्की? अंगात पाणी फार कमी वाटतंय."

"नक्की."

ही शेजारीच उभी होती. भिंतीवर सशाचं एक चित्र होतं, त्या सशाकडे बघत होती. मला वाटलं ती आत्ता बोलेल. बोलली नाही. मी मनात म्हटलं, वाचलो. हा शब्द मी मनात म्हटला, इथे लिहिला नाही तर तोही लपवल्यासारखं होईल.

रक्त घेतलं. सुई टोचताना हेडबाईने आवाज केला नाही.

आज दुपारी रिपोर्ट घ्यायला बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवर बसवलं तेव्हाच समजलो. मीही जळालेल्या मोटरच्या मालकाला आधी बसवतो.

"मूत्रपिंडाचे आकडे फार वाईट आहेत," त्या म्हणाल्या. "पाणी कमी पडलं असतं तर मी म्हटलं असतं, आधी सलाईन लावून बघू, त्यातले काही आकडे खाली येतील. पण भरपूर पाणी पिऊनही हे आकडे असतील, तर मूत्रपिंडात फारसं काही उरलेलं नाही. वय सोळा. उगाच टोचत राहून तिचे हाल करायचे की नाही, याचा विचार करा. तिला शांतपणे झोपवता येईल. उद्या संध्याकाळी घेऊन या. आज घरी असू दे, तुमच्यात."

मी मान हलवली. बाहेर आलो. रस्त्यावर हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असं म्हणाल्या?" घरापर्यंत माझ्याकडे बघत होती. मी रस्त्याकडे बघत होतो.

एका वाक्याचा प्रश्न आहे. ते वाक्य मी बोललो तर कदाचित सलाईन. नाही बोललो तर उद्या संध्याकाळ. हे मला कळतं. तरी दुपारपासून मी काय विचार करतोय? तर एरवी तरी किती जगणार होती, सोळा म्हणजे खूप झालं, तेलाने काय होतंय दोन थेंबांनी, आणि चौकापलीकडच्या त्या बाई, ज्यांच्यासाठी मी हार आणायला सांगितला होता, त्या माझ्याबद्दल काय म्हणतील. मी मांजराचा जीव एका पारड्यात ठेवलाय आणि दुसऱ्यात माझं तोंड. आणि पारडं नीट झुकत नाहीये.

१५ तारीख, शनिवार

सकाळी दुकान उघडायला गेलो नाही. बोळकंडीच्या दारात स्टूल टाकून बसलो. हेडबाई पायपुसण्यावर. बराच वेळ तशीच. मग उठली, भिंतीला टेकत टेकत मशीनच्या मागे गेली.

चप चप चप.

मी नळाकडे बघितलं. नवाकोरा, कोरडा ठणठणीत.

गुडघ्यावर बसलो, मान वाकडी करून मशीन आणि भिंतीच्या फटीत बघितलं. स्टीलची बशी. चहाची, आमच्या घरातली. काठोकाठ पाणी. आणि तिची जीभ.

ही मागे येऊन उभी राहिली होती.

"कधीपासून?" मी उठलो नाही, तसाच विचारलं.

"तुम्ही वाटी उचललीत त्या दुपारपासून. तुम्ही खाली गेलात की भरायची."

"मग आकडे एवढे..."

"बशीत मावतं किती? आणि तुम्ही भिंत फोडायला निघालात, म्हणून बुधवारी रात्री उचलून ठेवली. सापडली असती. परवा पूर्ण दिवस आणि काल सकाळी नव्हती. काल दवाखान्यातून आल्यावर परत ठेवली."

परवा पूर्ण दिवस. म्हणजे ज्या दिवशी मी लिहिलं, नळ गप्प आहे.

"मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं? 'मी बघतो' म्हणाला होतात." रागाने नाही बोलली. जेवायला काय करू विचारते त्या आवाजात बोलली. एवढ्या वर्षांत हिला किती ठिकाणी बशा ठेवाव्या लागल्या असतील, हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला. मी विचारला नाही. उत्तर आलं असतं.

"दवाखान्यात का नाही बोललीस?"

"परक्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडू?" मग म्हणाली, "आज संध्याकाळी बोलणार होते. तुम्ही बोलला नसता तर. सकाळपासून वाट बघतेय."

मी लवंगेच्या तेलाची बाटली खिशात टाकली. हिने टॉवेल आधीच आणून ठेवला होता.

दवाखान्यात गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन, एक बाई कुत्र्याला दटावत, "रडू नको, कुणी मारत नाहीये तुला." मला वाटलं होतं आत बोलावतील, दार लावतील. डॉक्टरीणबाई बाहेरच आल्या. "संध्याकाळी म्हणाले होते ना मी? त्रास वाढला का?"

सगळे बघत होते. माझ्या दुकानात मी याच वेळी सगळ्यांना बघायला बोलावतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मी उघडला होता."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मी बाटली काढून काउंटरवर ठेवली. "हे हिरड्यांना लावलं. दोनदा. कापूस पूर्ण भिजवून. आणि आठवडाभर पाणी तोडलं होतं. दिवसाला एक वाटी, तीही नाही. मी गुरुवारी खोटं बोललो. काल तुम्ही परत सांगितलंत तेव्हाही गप्प बसलो."

पोपट सोडून कुणी काही बोललं नाही.

त्या रागावतील याची मी वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं: तेल कुठल्या दिवशी, किती वेळ, पाणी नक्की किती, बशी किती मोठी. बशीचं हिने सांगितलं, हाताने आकार दाखवून. डॉक्टरीणबाईंनी बाटली उचलून वाचली. "मांजराच्या यकृताला हे झेपत नाही. आपल्या दाढेचं औषध तिचं औषध नसतं." मग आतल्या मदतनीस बाईला हाक मारली, "सलाईन काढा, लगेच." आणि टॉवेल उचलता उचलता, वळूनही न बघता म्हणाल्या, "काल सांगितलं असतंत तर एक दिवस वाचला असता."

बस्स. एवढंच.

हे वाक्य माझं आहे. मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो. पण मी सांगतो तेव्हा मला मजा येत असते. त्यांना येत नव्हती.

१७ तारीख, सोमवार

हेडबाई तिथेच आहे. सलाईन चालू. आज डोकं वर करून बघितलं म्हणे. ही दोन वेळा जाऊन आली. मी एकदा गेलो, काचेतून बघितलं, आत नाही गेलो. आत गेलो आणि तिने तोंड फिरवलं तर?

दवाखान्याचा पंप आज पूर्ण केला. तो उरलेला स्क्रू मागच्या झाकणाचा होता. स्वतः बसवला. चालू केला तर आवाज एकसारखा, गोल.

अकरा वाजता एक गिऱ्हाईक आलं. पंप ठेवला. "कुणी हात लावलेला नाही हां, मालक." स्क्रूच्या खाचा बघवत नव्हत्या, झाकणाला फेविकॉल. मिस्त्री टेबलावरून उठून आला, पोरंही आली. खेळ सुरू व्हायची वेळ.

मी म्हणालो, "बरं. ठेवा. परवा या."

गिऱ्हाईक गेलं. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. "मालक, ताप आहे का?"

"काम करा," म्हटलं.

तो गेला, पण दोन टेबलं सोडून पोरांना हळूच म्हणाला, "हेडबाईचं मनावर घेतलंय." मला सगळं ऐकू येतं हे तो कायम विसरतो.

१८ तारीख, मंगळवार

दुसरं रक्त. आकडे निम्म्याच्या खाली आले!

मी उठून उभाच राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा. बरी झाली असं नाही. मूत्रपिंडाचा आजार आहेच, तो आधीपासून होता. म्हणून तर पाणी जास्त पीत होती. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, ती बिचारी पिऊन पिऊन भरून काढत होती. गळती हा आजार नव्हता. पिणं हा तिचा उपाय होता."

म्हणजे तिचा घरगुती उपाय बरोबर होता. तोच मी बंद केला.

"किती दिवस मिळतील?" हिने विचारलं.

"काही महिने. नीट सांभाळलं तर वर्षभरही. नक्की सांगता येत नाही. खास खाणं लिहून देते. आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यावं लागेल, ते तुम्हाला घरी शिकवते."

मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई आडवी सरकवायची. इंचाच्या हजाराव्या भागाचं काम मी डोळे मिटून करतो. आज मात्र दोनदा सुई जवळ नेली, दोनदा मागे घेतली. हिने माझ्या हातातून घेतली आणि दिली. हेडबाई हलली नाही.

पंप तिथेच बसवून आलो. डॉक्टरीणबाईंनी नळ सोडून बघितला, म्हणाल्या, "आवाजच येत नाही." मी म्हणालो, "पुन्हा आला तर उघडू नका, मला बोलवा." आणि लगेच वाटलं, हे बोलायला मी कोण? त्या मात्र हसल्या. "तुम्हीही," म्हणाल्या.

२३ तारीख, रविवार

हेडबाई घरी. आज जिना स्वतः उतरली, प्रत्येक पायरीवर थांबत. पहिल्या टेबलाखालून गेली, दुसऱ्याच्या अलीकडे बसली. तेवढीच चक्कर. मिस्त्रीने टोपी काढून सलाम केला.

पेटी सोडून दोनदा ओलं केलं. मी पुसलं.

घरभर वाट्या ठेवल्यात. जिन्यात, खाटेखाली, खिडकीत, काउंटरवर, माझ्या बुटांजवळ. काचेच्या, मातीच्या, एक रुंद तोंडाची मुद्दाम आणली, मिशा कडेला लागू नयेत म्हणून. ही दोनदा अडखळली. म्हणाली, "माणसांना चालायला वाट ठेवा जरा."

दुपारी मी खाटेवर पडलो होतो. हेडबाई उठली. खाटेखालच्या वाटीपाशी आली, हुंगलं, पुढे गेली. खिडकीतल्या वाटीकडे मान वर करून बघितलं, पुढे गेली. त्या रुंद तोंडाच्या वाटीला वळसा घातला. तोंड लावलं की कुणीतरी ती उचलून नेईल, असं काहीतरी तिच्या मनात असणार. मी हललो नाही, हात बाहेर काढला नाही.

मग बोळकंडीतून आवाज आला. चप चप चप.

ही दारात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला तिथलीच सवय लागलीय."

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी सगळ्या वाट्यांमधलं पाणी मी बदललं. एकीतलंही कमी झालेलं नव्हतं. उद्याही बदलेन. बशी मात्र मी भरत नाही. ती हिची आहे.